एकोणतीस स्वल्पविराम

"डबा नाही म्हणजे काय? दर वेळी असतो की!"

परमानंदकाका हे स्वतःशीच पुटपुटले. पण त्यांचं तोंड किमयाच्या कानापासून जेमतेम चार बोटांवर होतं, त्यामुळे तिला ते भोंग्यासारखं ऐकू आलं. काकांचा गुडघा तिच्या पाठीत रुतला होता आणि तिची वेणी काकांच्या बटनात अडकली होती. तळावरची सगळी माणसं एका कोठीत कोंबली की असंच होतं.

"दोन तास बसायचं, आणि तेही उपाशी," काकांची कुरकुर चालूच होती. "निदान हिरव्या वड्या तरी..."

कुणी लक्ष दिलं नाही. काका जागे असतात तेवढा वेळ भुकेलेलेच असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या तळाचं नाव शिंपला. तो चंद्रावर आहे. फार फार पूर्वी चंद्राच्या पोटात तापलेला लाव्हा वाहायचा. तो वाहून गेल्यावर मागे लांबच लांब पोकळ बोगदे उरले. त्यातल्याच एका बोगद्यात एकतीस माणसं राहत होती. दहा वर्षांची किमया सहा महिन्यांपूर्वी तिथे आली, आपल्या आजोबांजवळ, म्हणजे आबांजवळ. आबा म्हणजे श्रीपाद ठोंबरे, चंद्रावरच्या दगडांचे शास्त्रज्ञ. किमयाची आई, रमा, अजून पृथ्वीवर चिपळूणलाच होती. ती पुढच्या यानाने येणार होती. 'पुढचं यान' हे शब्द किमयाने आतापर्यंत तीनदा ऐकले होते, म्हणून ती आता दिवस मोजत नसे.

त्या दिवशी भोंगा वाजला तो सौरवादळाचा (सूर्यातून उसळून अवकाशात सुटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या लोंढ्याचा). पृथ्वीवर आपल्याला हवेची जाड गोधडी असते, ती या कणांना अडवते. चंद्राला हवाच नाही, आणि शिंपल्याच्या डोक्यावरचा खडक पातळ. पण सूर्य तेवढा सभ्य आहे : आधी भडक्याचा उजेड येतो, कणांचा मोठा लोंढा त्याच्या मागून येतो. मधल्या वेळात माणसांनी कोठीत शिरायचं. कोठीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या टाक्या. पाणी हे कण छान अडवतं.

कोठीच्या दारात टिपणीस उभा होता. टिपणीस हा यंत्रमानव. सगळ्यांच्या नोंदी तोच टिपून ठेवायचा, म्हणून आबांनी त्याचं हे नाव ठेवलेलं. प्रत्येकाने आत शिरताना आपलं नाव सांगायचं (बाळाचं त्याच्या आईने), टिपणीसने ते टिपायचं, आणि मग तळाच्या मूळ यादीतलं एकेक नाव पडताळायचं.

"एकतीस नावं पडताळली. एकतीसही आत आहेत," टिपणीस म्हणाला होता. दार बंद झालं. लोंढा यायला तेव्हा अडतीस मिनिटं होती.

आता त्यातली एकतीस मिनिटं उरली होती. किमयाला कंटाळा आला. कंटाळा आला की तिला आई आठवायची, आणि आई आठवली की ती टिपणीसला काहीतरी उगाच विचारायची.

"टिपणीस, रमा आली का रे?"

तिला वाटलं, तो नेहमीसारखा 'या नावाचं तळावर कुणी नाही' असं म्हणेल.

"हो," टिपणीस म्हणाला. "रमा आत आहे."

किमया ताडकन उठली. काकांच्या शर्टाचं बटन तुटलं.

"काय म्हणालास?"

"रमा आत आहे."

तिने वेड्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. टाक्यांच्या फटीत, खांद्यांच्या मागे. एका क्षणात तिने सगळी तोंडं पाहून घेतली असतील. तुम्ही तिच्या जागी असता तर तुम्हीही पाहिलं असतंत. मग तिला कळलं की असं होऊच शकत नाही.

"आबा! टिपणीस खोटं बोलतोय!"

"यंत्राला खोटं बोलता येत नाही गं," आबा म्हणाले. पण त्यांनी चष्मा वर केला. "टिपणीस, तू कुठे पाहिलंस रमाला?"

"पाहिलं नाही. यादीत सापडली."

"दाखव यादी."

टिपणीसच्या छातीवरच्या पडद्यावर आत आलेल्यांची यादी उमटली. एकाच चौकटीत, एकापुढे एक, मध्ये स्वल्पविराम :

परमानंद, अनुराधा, कासम, सुनंदा, दिगंबर...

आणि अशी सरकत सरकत शेवटी ...किमया, श्रीपाद. काका सगळ्यात आधी आले होते, कारण त्यांना टेकायला भिंत हवी असते. आबा सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा गुडघा.

किमयाने पहिल्या नावावर बोट ठेवलं. प, र, मा... तिचं बोट थबकलं.

"आबा, परमानंद. प-रमा-नंद! आई काकांच्या पोटात आहे!"

"माझ्या?" काकांनी पोटाला हात लावला. दोघंतिघं हसली. आबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं, ठोंबरे?" तळाचे प्रमुख रणदिवे सर कोपऱ्यातून म्हणाले.

"कोठीत कोण आलं हे पाहायला टिपणीस डेटाबेसला (माहितीच्या कपाटाला) जो प्रश्न विचारतो ना, तो मी शिकवलाय त्याला," आबा सावकाश म्हणाले. "अशा प्रश्नाला क्वेरी म्हणतात. मी शिकवलं, की नावाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण घालायची. ती खूण म्हणजे 'इथे काहीही असलं तरी चालेल'. म्हणजे त्याने विचारलं : या मजकुरात कुठेतरी रमा ही अक्षरं आहेत का? तर आहेत. पुढे प आहे, मागे नंद आहे, त्याला त्याचं काय!"

"मग?"

"मग त्याने एकतीस माणसं आहेत का, हे पाहिलेलंच नाही. एकतीस अक्षरगुच्छ सापडतात का, एवढंच पाहिलंय."

कोठीतलं हसू विझलं.

"याचा अर्थ," डॉक्टर सुनंदा म्हणाल्या, "कुणीतरी बाहेर असू शकतं."

"कुणीही नसेल हो," रणदिवे सर म्हणाले. "टिपणीस, तोंडी हजेरी घे. मोठ्याने."

टिपणीसने एकतीस नावं पुकारली. टाक्यांतलं पाणी डुबुक डुबुक वाजत होतं, पंखा घरघरत होता, कुणाचं तरी बाळ रडत होतं. तरी प्रत्येक नावाला कुठून ना कुठून 'हजर', 'आहे', 'इथंय' असं आलं. एकतीस नावं, एकतीस हजर.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सत्तावीस मिनिटं उरली होती.

किमयाने मात्र सोडला नाही. ती पडद्याशी नाक लावून काहीतरी मोजत होती.

"आबा, यादीत स्वल्पविराम एकोणतीस आहेत."

"असतील."

"दोन नावांत एक स्वल्पविराम. तीन नावांत दोन. मग एकोणतीस असतील तर नावं तीस!"

आबांनी पुन्हा मोजले. एकोणतीसच.

"पण हजर तर एकतीस जण म्हणाले," अनुराधाकाकू म्हणाल्या.

"म्हणजे कुणीतरी दोनदा म्हणालं," किमया म्हणाली.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आपण सोडून दुसऱ्याकडे पाहायची माणसांची एक पद्धत असते, तसे.

"ते नंतर बघू," आबा म्हणाले. "एक जण बाहेर आहे हे नक्की. कोण, ते टिपणीसला नीट विचारायला हवं. किमया, तू ये. माझं डोकं गरगरतंय. मला सांग, सुनंदा हे नाव सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, हे तुला कसं कळतं?"

"आधी स्वल्पविराम असतो. नंतरही स्वल्पविराम."

"शाबास! मग नुसतं नाव शोधायचंच नाही. दोन्हीकडचे स्वल्पविराम धरून शोधायचं. स्वल्पविराम म्हणजे नावाच्या घराचे दोन उंबरे. टिपणीस, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, असं एकेक शोध. टक्के बाहेर राहू देत."

टिपणीसने शोधलं. त्याला निमिषही लागलं नाही.

"आत कुणीही नाही," तो म्हणाला.

"काय?"

"एकतीसपैकी एकही सापडलं नाही. कोठी रिकामी आहे. दार उघडून सगळ्यांना बोलवू का?"

"नको!" सगळी माणसं एकदम ओरडली. बाळसुद्धा रडायचं थांबलं.

"अरे देवा," आबांनी कपाळाला हात लावला. "आता आपण सगळेच नाहीसे झालो."

किमया पडद्याकडे बघत राहिली. परमानंद, अनुराधा, कासम. स्वल्पविराम तर होते. मग? तिने स्वल्पविरामावर बोट ठेवलं, मग हळूच पुढे सरकवलं. अनुराधाच्या अ ला लागण्याआधी तिचं बोट एका जागेवरून गेलं, जिथे काहीच नव्हतं.

"आबा, टिपणीसला रिकामी जागा दिसते का?"

"म्हणजे?"

"स्वल्पविरामानंतर तो थोडी जागा सोडतो. आपण वहीत सोडतो तशी."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते कसनुसं हसले. "मीच शिकवलं त्याला, नीटनेटकं दिसावं म्हणून. आपल्याला ती जागा दिसत नाही. यंत्राला मात्र ते एक अक्षरच. आपण सांगितलं स्वल्पविरामाला चिकटून नाव शोध, आणि चिकटलेलं एकही नाही. टिपणीस, सगळ्या रिकाम्या जागा काढून टाक आणि पुन्हा शोध."

"तीन जण आत नाहीत," टिपणीस म्हणाला. "परमानंद. श्रीपाद. नंदा."

"अहो, मी इथे आहे!" काका किंचाळले. "तुमच्या मांडीवर जवळजवळ!"

पण किमयाला आता पाठोपाठ सगळं दिसू लागलं होतं. "काका पहिले, म्हणून त्यांच्या आधी स्वल्पविराम नाही. आबा शेवटचे, त्यांच्या नंतर नाही. दोघांच्या घराला एकेकच उंबरा! आबा, अख्ख्या यादीच्या आधी एक आणि शेवटी एक स्वल्पविराम लावू या."

"टिपणीस, लाव," आबा म्हणाले.

"एक जण आत नाही," टिपणीस म्हणाला. "नंदा."

एकोणीस मिनिटं.

किमयाने चौथं नाव पाहिलं. सु-नंदा. डॉक्टरांच्या नावाच्या आड कुणीतरी उभं होतं, आणि टिपणीसने त्याला आत धरलं होतं.

"नंदा कोण?" रणदिवे सरांनी विचारलं.

एकेक मान नकारार्थी हलली.

"ठोंबरे, मूळ यादीत काय लिहिलंय? काम, खोली?"

"नुसतं नाव आहे," आबा म्हणाले. "एकतीस तर माणसं. म्हटलं, जास्त कशाला लिहायचं."

"मागच्या यानाने परत गेलेलं असेल कुणी," दिगंबर म्हणाला. "नाव काढायचं राहिलं असेल."

"तसंच असणार," कुणीतरी म्हणालं. पटकन म्हणालं. दोघंचौघं माना हलवून मोकळी झाली.

रणदिवे सरांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, दार उघडायचं तर आतल्या तीस जणांचा प्रश्न आहे. ओळखीचं माणूस असतं तर गोष्ट वेगळी. नुसत्या एका नावासाठी..."

परमानंदकाका मान खाली घालून बसले होते. "हजेरीत नंदा म्हणाला का तो?" त्यांनी हळूच विचारलं. "मला वाटलं, मलाच हाक मारली. नुसतं 'नंद' ऐकू आलं. मी दोनदा हजर म्हणालो."

म्हणजे काकांच्या कानानेही टिपणीससारखंच केलं होतं. किमया त्यांच्याकडे बघत राहिली. काका. भिंत. कुरकुर. उपाशी. डबा.

"काका," ती म्हणाली, "डबा कोण देतं?"

"डबा? मावशी देतात की. दर वेळी मावशीच..."

काकांनी दाराकडे पाहिलं.

तीस माणसांनी माना वळवल्या. कोपऱ्यात, दाराशी, बाळाजवळ. जिथे मावशी एरवी असत तिथे तिथे सगळ्यांनी पाहिलं, आणि मावशी कुठेच नव्हत्या. त्या नसल्याचं इतका वेळ कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. किमयाच्याही नाही, जिला रोज सकाळी त्या जास्तीची वडी द्यायच्या.

मावशी शेवाळाच्या दालनात काम करत. हिरव्यागार शेवाळाच्या टाक्या. त्यातूनच सगळ्यांना प्राणवायू मिळे आणि वड्याही. शेवाळाला ऊन लागतं, म्हणून त्या एकाच दालनाचं छत काचेचं. आणि जी काच ऊन आत घेते, ती या कणांनाही अडवत नाही.

"तिथल्या पंपांचा आवाज!" अनुराधाकाकू ओरडल्या. "कानांवर टोप्या लावूनच काम करतात त्या. भोंगा ऐकूच गेला नसणार."

"गाडीने जायला पाच मिनिटं, यायला पाच," टिपणीस म्हणाला. "सतरा मिनिटं उरली आहेत. मी निघू का?"

"मीही येते," डॉक्टर सुनंदा उठल्या. "माझ्या नावामागे राहिल्या त्या." त्यांनी रणदिवे सरांकडे पाहिलं. विचारायला नव्हे, नुसतंच.

"दार उघडा," सर म्हणाले.

त्यानंतरची बारा मिनिटं कशी गेली ते किमयाला नीट आठवत नाही. काका कुरकुरले नाहीत, एवढं आठवतं. आबा दारातल्या टिपणीसच्या रिकाम्या जागेकडे टक लावून बसले होते.

पाच मिनिटं उरली असताना गाडीचा आवाज आला. आधी डॉक्टर आल्या, धापा टाकत. मागून टिपणीस. आणि मधे मावशी, कानांवरच्या टोप्या गळ्यात लोंबत, कपाळावर घामाने चिकटलेले पांढरे केस, आणि हातात डबा.

"एवढी काय ओढाताण!" मावशी म्हणाल्या. "वड्या भरतच होते मी. यांनी दंड धरून ओढलं. डबा तरी घेऊ द्या म्हटलं, पोरं उपाशी असतील." मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "काय झालं? रडताय का सगळी?"

किमयाने त्यांच्या कमरेला मिठी मारली. दार बंद झालं. थोड्या वेळाने टिपणीस म्हणाला, "लोंढा आला." कुणालाच काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. टाक्यांतलं पाणी तसंच डुबुक डुबुक वाजत राहिलं.

डबा फिरला. तोंडात वडी आली तशी माणसांना वाचाही आली.

"या यंत्रांचं हे असंच," काका म्हणाले.

"टिपणीसला उघडून तपासायला हवं," दिगंबर म्हणाला.

"मला जो प्रश्न विचारायला शिकवलं, त्याचं उत्तर मी बरोबर दिलं," टिपणीस म्हणाला. "प्रश्न चुकीचा होता. पण मावशींचा जीव त्यात गेला असता. मला चांगला प्रश्न शिकवाल?"

"उंबऱ्यांची युक्ती अडीनडीला ठीक आहे," आबा म्हणाले. "पण मुळात अशी यादीच करायची नाही. सगळ्यांना एका चौकटीत दाटीवाटीने कोंबायचं, आणि मग कुणाचा हात कुणाच्या पोटात ते शोधत बसायचं!"

"आत्ता आपण बसलोय तसं," किमया म्हणाली.

"अगदी तसं. प्रत्येकाला स्वतःची वेगळी ओळ हवी. मग शोधताना टक्के नकोत, स्वल्पविराम नकोत. अख्खं नाव त्या ओळीतल्या अख्ख्या नावाशी जुळवायचं, एका अक्षराचाही फरक नको."

"आणि नंबर," किमया म्हणाली. "उद्या इथे हजारो माणसं येतील. दोन नंदा आल्या तर? पुढच्या यानाने माझी आई येईल, आणि तिच्याबरोबर अजून एक रमा आली तर?"

"तर प्रत्येकीचा नंबर वेगळा. नाव जुळलं तरी माणूस चुकणार नाही." आबांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "लिही, टिपणीस. नवी यादी. एका माणसाला एक ओळ."

कोठीत आता करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. टिपणीस एकेकासमोर जाऊन विचारू लागला, आणि प्रत्येक जण आपलं पूर्ण नाव, काम, खोली सांगू लागला. किमयाने ठोंबरे हे आडनाव अगदी ठासून सांगितलं.

टिपणीस डब्यापाशी आला.

"नाव?"

"मावशी," तिघं-चौघं सवयीने एकदम म्हणाली.

"हे नाव नाही. हे नातं आहे," टिपणीस म्हणाला. "नाव सांगा."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. पदराला हात पुसले.

"नंदा," त्या म्हणाल्या. "नंदा एकनाथ घोडके."

टिपणीसने टिपलं. रणदिवे सर घड्याळाकडे पाहू लागले. काकांनी तुटलेलं बटन खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं. अनुराधाकाकू म्हणाल्या, "वड्या छान झाल्यात आज," आणि बऱ्याच जणांनी घाईघाईने हो म्हटलं. दिगंबर पुन्हा म्हणाला, की यंत्रावर इतका विश्वास टाकायचाच नव्हता.

आबांनी हातातली अर्धी वडी खाली ठेवली.

"टिपणीसने निदान अर्धं नाव तरी जुळवलं," ते म्हणाले. "नंदाबाई, दोन वर्षं तुमच्या हातचं खातोय मी. मला तुमचं नाव माहीत नव्हतं. इथे कुणालाच नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नाही."